आधी तपासणी, मग पाना

मे महिन्यातल्या कुठल्याही रविवारी पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, तर खंबाटकी घाटात एक दृश्य हमखास दिसतं. बॉनेट उघडलेली जुनी छोटी गाडी कडेला उभी, आतून वाफ येतेय आणि भोवती पाण्याच्या बाटल्या घेतलेले दोन-तीन जण. त्यातला एक हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायच्या बेतात असतो. गाडी मारुती ८००, जुनी अल्टो, सँट्रो यांपैकी कुठली तरी. थांबणारा प्रत्येक जण फुकट सल्ला देऊन जातो. ‘पाणी संपलं असेल.’ ‘थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे लागतच नाही.’ ‘फॅन डायरेक्ट करून घ्या.’ गाडी नेमकी कधी तापायला लागली, हे मात्र कुणी विचारत नाही.

या सदरात एरवी माणसांच्या तापाबद्दल लिहिलं जातं. आज गाडीच्या तापाबद्दल लिहायचं कारण असं, की निदानाआधी उपचार सुरू करण्याची आपली खोड दोन्हीकडे सारखीच आहे. ताप हे लक्षण आहे, आजार नव्हे, हे डॉक्टरांनी आपल्या गळी कसंबसं उतरवलंय. गाडीच्या बाबतीत ते अजून उतरलेलं नाही. त्यामुळे शे-दोनशे रुपयांच्या झाकणाचा दोष हेडच्या कामापर्यंत जातो, आणि ज्या घरात ती गाडी म्हणजे दवाखाना, शाळा आणि गाव यांच्यामधला एकमेव दुवा असते, तिथे गाडी भंगारात जाते. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला थांबलं, पण अशा गाड्या आजही तालुक्याच्या गावांत रोज धावताना दिसतात.

आधी थोडं विज्ञान. पेट्रोल इंजिनात जळलेल्या इंधनातली जेमतेम पाव ते एक तृतीयांश ऊर्जा कामाला येते. साधारण तितकीच सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेला मोठा हिस्सा इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला उचलावा लागतो. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि वरचं हेड ज्या अ‍ॅल्युमिनिअमचं असतं ते ६६० अंशांना वितळतं. हेड टिकतं ते केवळ मागून सतत पाणी फिरत असतं म्हणून. पंप पाणी फिरवतो, रेडिएटर त्यातली उष्णता हवेला देतो, हवा कमी पडली तर पंखा मदतीला येतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो. त्याच्या आत मेणाची एक छोटी डबी असते. साधारण ८२ ते ८८ अंशांना मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. उन्हात आपल्या त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त पृष्ठभागाकडे येऊन उष्णता टाकतं, त्यातलाच हा प्रकार.

आता झाकण. रेडिएटरचं झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिटी. त्यातली स्प्रिंग साधारण ०.९ बार दाब धरून ठेवते, त्यामुळे आतलं पाणी १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर चिरलं किंवा स्प्रिंग दमली, की हा सगळा फायदा गेला. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटरवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, आणि इंजिनाचं नेहमीचं तापमानही त्याच्याच आसपास असतं. म्हणजे इंजिन, पंप, पंखा सगळं ठणठणीत असूनही केवळ निकामी झाकणामुळे गाडी तिथे पाणी बाहेर फेकू शकते. घाट चढून आलेल्या गाडीचं हेड उघडण्याआधी झाकण बदलून पाहावं, ही साधी गोष्ट किती गॅरेजमध्ये होते?

डॉक्टर जसे ‘ताप संध्याकाळी येतो की सकाळी, थंडी वाजून येतो का’ असं विचारतात, तसा गाडीचाही इतिहास घ्यावा लागतो. त्यातच निम्मं निदान दडलेलं असतं.

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर खाली येतो, असं असेल तर संशय पंख्यावर. गाडी वेगात असताना हवा आपोआप रेडिएटरमधून जाते, उभी असताना पंख्याशिवाय गत्यंतर नसतं. मग फ्यूज, रिले, पंख्याची मोटर आणि तापमान ओळखून पंखा चालू करणारा स्विच, एवढेच संशयित उरतात. अनेक जुन्या गाड्यांत या स्विचचं कनेक्शन काढून त्याची दोन टोकं वायरने जोडली, की पंखा फिरायला हवा. फिरला तर मोटर चांगली आणि स्विच खराब. पाच मिनिटांचं काम. पण हात पंख्यापासून लांब ठेवा. तो सांगून सुरू होत नाही.

याच्या उलट, शहरात ठीक आणि हायवेला किंवा चढावर तापते, तेव्हा पंख्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तिथे पाणी पुरेसं फिरत नाही किंवा उष्णता पुरेशी बाहेर पडत नाही. आतून गाळाने किंवा बाहेरून मातीने आणि किड्यांनी तुंबलेला रेडिएटर, पाती झिजलेला पंप, सैल बेल्ट, ताकद लावल्यावर आतल्या बाजूने चपटा होणारा मऊ पडलेला होज पाइप, हे इथले मुख्य संशयित. कधी कधी दोष कूलिंगचा नसतोच. चिकटलेला ब्रेक, घसरणारा क्लच, चुकलेलं इग्निशन टायमिंग यांनीही इंजिन विनाकारण जास्त राबतं आणि तापतं.

गार इंजिन चालू केल्यावर काटा भराभर वर गेला आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप मात्र गारच राहिला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असावा, किंवा पाणी भरताना आत हवा कोंडली असावी. काटा वीस मिनिटांनीही वर येत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा कुणीतरी आधीच काढून टाकलाय. सेकंडहँड गाडीत ही दुसरी शक्यता जास्त.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे तापत चाललेल्या गाडीचा काटा अचानक खाली येतो. चालक सुटकेचा श्वास टाकतो आणि गाडी पुढे दामटतो. पण काट्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो तेव्हाच खरं सांगतो. पाणी इतकं कमी झालं की सेन्सर कोरडा पडला, तर तो आजूबाजूच्या हवेचं तापमान दाखवतो आणि हेड इकडे भाजून निघत असतं. हीटर असलेल्या गाडीत तेव्हाच हीटरमधून गार हवा यायला लागली, तर शंकेला जागाच उरत नाही. गाडी तिथेच थांबवायची.

तापमान मोजायला इन्फ्रारेड गन हे स्वस्त आणि चांगलं साधन आहे, पण कोविडच्या काळात घरात आलेली कपाळावर धरायची गन इथे कामाची नाही. ती माणसाच्या तापापुरतीच, ४२-४३ अंशांपर्यंत मोजते. इंजिनासाठी औद्योगिक वापराची गन लागते. तीही चकचकीत धातूवर धरली तर कमी तापमान दाखवते. काळ्या रबरी पाइपवर किंवा काळी टेप चिकटवून त्यावर धरावी.

आता थर्मोस्टॅटकडे येऊ, कारण माझा खरा वाद तिथे आहे. ‘हा थंड देशातला पार्ट, आपल्या हवेत काय करायचाय’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या गॅरेजमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. वस्तुस्थिती अशी, की पूर्ण उघडलेला थर्मोस्टॅट पाण्याला फारसा अडथळा करत नाही. नागपूरच्या ४५ अंशांतही तो इंजिन जास्त तापवत नाही. इंजिन लवकर योग्य तापमानाला आणून ठेवणं एवढंच त्याचं काम. तो काढला की छोट्या फेऱ्यांमध्ये इंजिन गारच राहतं. गार इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि झीज वाढते. धुरातले विषारी वायू वाढतात आणि ते आपल्याच गल्लीतल्या मुलांच्या फुप्फुसात जातात. शिवाय ऑइलमध्ये जमलेली वाफ उडून जात नाही, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय धरते. मग तीच साय पाहून पुढचा मेकॅनिक सांगतो, ‘हेड गॅस्केट गेलंय.’ एका चुकीच्या उपचाराने दुसऱ्या चुकीच्या निदानाला पुरावा तयार केला! काही इंजिनांच्या रचनेत तर थर्मोस्टॅट काढल्यावर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातं, आणि गाडी आणखी तापते.

मेकॅनिकच्या बाजूनेही बोललं पाहिजे. बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट इंजिनाचा जीव घेतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून तो धोका मुळातूनच काढून टाकतो. घाटात अडकलेल्या गाडीला घरी आणण्यापुरतं ते ठीकही आहे. पण त्याचं उत्तर नवा थर्मोस्टॅट हे आहे, आणि तो काहीशे रुपयांना मिळतो. जुना तपासायचा असेल तर टाकाऊ पातेल्यात पाणी घेऊन दोरीने टांगा, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवत न्या. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास झडप उघडताना दिसली पाहिजे. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

‘फॅन डायरेक्ट करणे’ हे त्याचंच धाकटं भावंडं. पंखा कायम फिरत राहिला की स्विचचा दोष झाकतो, आणि हळूहळू तुंबत चाललेल्या रेडिएटरचाही. लक्षण दिसेनासं होतं, आजार आपला वाढत राहतो.

पाण्याचंही तसंच. मराठवाड्यात, विदर्भात बोअरचं पाणी किती जड असतं ते घरच्या गिझरची कॉइल पाहिलेल्यांना सांगायला नको. तोच पांढरा थर इंजिनात बसतो. अ‍ॅल्युमिनिअमच्या तुलनेत हा क्षार उष्णता शंभर पटीने कमी वाहून नेतो, म्हणजे धातूवर गोधडी पांघरल्यासारखंच. शिवाय साध्या पाण्याने गंज धरतो. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात आणि त्याने उत्कलनबिंदूही वाढतो. ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला’ हा युक्तिवाद म्हणूनच लंगडा आहे. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळावं, आणि हिरवा-लाल रंग बघून नाही तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकार बघून घ्यावं. कूलंटच्या रंगाला कसलंही सर्वमान्य मानक नाही. आणि पातळी पाहायची ती गार इंजिनात, झाकण उघडून थेट रेडिएटरमध्ये. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं बिघडलेल्या झाकणामुळे किंवा चिरलेल्या बारीक नळीमुळे सहज होतं.

घाटातल्या त्या फडकं गुंडाळलेल्या माणसाचं काय होऊ शकतं, हे आकड्यांत पाहू. मारुती ८०० सारख्या गाडीत चार लिटरच्या आसपास पाणी असतं. ते दाबाखाली ११८ अंशांना पोहोचलेलं असताना झाकण उघडलं, तर दाब गेल्याक्षणी त्यातलं साधारण तीन टक्के पाणी एकदम वाफ होतं. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्याची वाफ भरते जवळपास २०० लिटर. एका पिंपाएवढी वाफ उरलेलं उकळतं पाणी सोबत घेऊन, हात, गळा आणि चेहऱ्याच्या दिशेने येते. वाफेचं भाजणं पाण्यापेक्षा वाईट, कारण त्वचेवर वाफेचं पाणी होताना दर ग्रॅममागे आणखी ५४० कॅलरी उष्णता सुटते. फडकं यापासून वाचवत नाही. ओलं होऊन ते उलट चटका धरून ठेवतं.

म्हणून काटा लाल पट्ट्याकडे गेला की एसी बंद, हीटर पूर्ण चालू (घामाघूम व्हाल, पण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे), आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी कडेला. वाफ निघत असेल तर इंजिन लगेच बंद. माणसांनी गाडीत किंवा गाडीमागे थांबू नये, रस्त्यापासून लांब, सावलीत जावं. झाकणाला किमान पाऊण-एक तास हात लावायचा नाही, आणि वरचा पाइप हाताला गार लागल्याशिवाय तर नाहीच. तापलेल्या हेडवर गार पाणी ओतू नये, तडा जाऊ शकतो. आणि ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत तरी’ म्हणून रेटलेले ते दोन किलोमीटर सगळ्यात महाग पडतात. तापल्यावर अ‍ॅल्युमिनिअम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, हेड वाकतं ते तिथेच.

कुणी भाजलंच, तर भाजलेला भाग वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधी काढा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतलं काहीही लावू नका. स्वच्छ कापडाने सैल झाका. चेहरा किंवा डोळे भाजले असतील तर डोळे धूत धूत थेट रुग्णालय गाठा.

कूलंटबद्दल एक इशारा घरासाठी. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. लहान मुलाला काही चमचेही घातक ठरू शकतात. कुत्र्या-मांजरांनी जमिनीवर सांडलेलं चाटलं तरी ती दगावतात. आधी माणूस दारू प्यायल्यासारखा झिंगतो, मग शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होऊन मूत्रपिंडात स्फटिक साचतात. वेळेत पोहोचलं तर यावर उतारा आहे, गरज पडल्यास डायलिसिसही; त्यामुळे ‘उलटी झाली, आता बरं आहे’ म्हणून घरी बसू नये. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्या. लेंटिन आयोग नेमला गेला, ते डायइथिलीन ग्लायकॉल याच कुळातलं. उरलेलं कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून गॅलरीत ठेवण्याची पद्धत आजच बंद करा.

राहिला प्रश्न गॅरेजचा. डॉक्टर तपासतात, गोळी देत नाहीत, तरी आपण तपासणी फी देतो. मेकॅनिकने तासभर गाडी तपासून ‘फक्त पाइपची क्लिप सैल होती’ असं सांगितलं, तर आपण त्याला चहाचे पैसे देतो आणि वर ‘काहीच तर केलं नाही’ म्हणतो. पैसे सुट्या भागांचे मिळतात, डोक्याचे मिळत नाहीत. मग तो रेडिएटर बदलतो, नाही जमलं तर पंप, नाही तर हेड उचलतो. यात लबाडी असेलच असं नाही. बक्षीस ज्याला मिळतं, तेच काम वाढतं. गाडी तापण्याच्या तक्रारीसाठी गॅरेजने तपासणी फी उघडपणे लावावी आणि ग्राहकाने ती कुरकुर न करता द्यावी, असं माझं ठाम मत आहे. जुनी गाडी चालवणाऱ्याच्या खिशाला तेच परवडणारं आहे. काहीशे रुपयांच्या तपासणीने काही हजारांचा फुकटचा खर्च टळतो.

त्या फीच्या बदल्यात काय मागायचं, तेही ठाऊक असावं. हातपंपाने सिस्टिममध्ये दाब भरून गळती शोधता येते, झाकणही त्याच पंपावर तपासता येतं. हेड गॅस्केटचा संशय असेल तर एक निळा द्रव मिळतो. रेडिएटरच्या तोंडाशी आलेली हवा त्यातून खेचली आणि तो पिवळा झाला, तर जळालेला वायू पाण्यात शिरतोय, म्हणजे गॅस्केट किंवा हेड गेलंय. गार गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा कडक होणं, पाण्यात सतत बुडबुडे, गळती न दिसता पाणी कमी होत राहणं, इंजिन पूर्ण तापल्यावरही निघणारा पांढरा धूर, हेही त्याच बाजूचे पुरावे. थंडीतल्या सकाळी पहिल्या पाच मिनिटांत निघणारा पांढरा धूर पुरावा नाही, आणि पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनंतर ऑइलच्या झाकणाखाली दिसणारी थोडीशी सायही नाही. यातल्या एकाही चाचणीशिवाय कुणी ‘हेड उचलावं लागेल’ म्हणालं, तर गाडी शांतपणे दुसरीकडे न्या.

आणि हेड खरोखरच उचललं, तर लेथवाल्याकडे ते सपाट पट्टीवर मोजायला सांगा. या छोट्या इंजिनांत चालणारा बाक साधारण ०.०५ मिलिमीटरपर्यंतच, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. डोळ्यांनी बघून ‘ठीक आहे’ म्हणण्यासारखं ते माप नाही. फेसिंगच्या आधीचा आणि नंतरचा आकडा बिलावर लिहून घ्या, आणि नवं गॅस्केट बसवण्याआधी गाडी मुळात तापली कशाने, ते कारण कुठे सापडलं, हेही विचारा.